सीट काढू की ठेवू? कॅम्परव्हॅनमधली बैठक आणि सामानाची जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गाडी म्हणजे मारुतीची साधी सात सीटची ईको, तीही वापरलेली घेतलेली. घरातली माणसं चार : हे, मी, सासूबाई आणि लेक. कोल्हापुरातून कोकण, हंपी असं करत करत एकदा गाडीने नर्मदा परिक्रमाही झाली. एवढ्या काळात मागची बैठक आम्ही तीनदा बदलली, त्यातल्या दोनदा चुकलो. ओळखीपाळखीतून जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मोठ्या, कारखान्यातूनच घर होऊन आलेल्या गाड्यांबद्दल हे नाही. आपल्याच गाडीत पाना आणि करवत घेऊन उतरणाऱ्यांसाठी आहे.

टपावर कॅरिअर टाकलं की झालं. बैठकीला हात कशाला लावायचा?

ईको १८२५ मिलीमीटर उंच आहे आणि १४७५ मिलीमीटर रुंद. म्हणजे आधीच रुंदीपेक्षा फूटभर उंच. तिच्या डोक्यावर आणखी ऐंशी किलो ठेवून फोंडा घाट उतरलात की पोटात जो गोळा येतो, तेच या प्रश्नाचं उत्तर. शिवाय वारा अडतो, पेट्रोल जास्त जातं आणि प्रत्येक मुक्कामाला दोऱ्या सोडा-बांधा. टपावर ताडपत्री, गाद्या, रिकाम्या घागरी असल्या फुलक्या वस्तू ठीक. जड सामान खाली, शक्य तितकं जमिनीलगत. आणि जमिनीलगतची जागा सगळी सीटखाली अडकलेली असते.

मग कोणती सीट काढायची?

हाच प्रश्न मी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला विचारला होता, हातात सामानाची यादी घेऊन. तो म्हणाला, “वैनी, यादी ठेवा तिकडं. आधी माणसं कुठं बसणार ते सांगा.”

तर आधी माणसं. गाडी चालू असताना बसणारं प्रत्येक माणूस कंपनीने बसवलेल्या, पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या सीटवरच हवं. घरी बनवलेल्या बाकावर चालत्या गाडीत कोणीही बसायचं नाही. बाक कितीही दणकट असो, आपला सुतार त्याची टक्कर देऊन चाचणी करत नाही. आडव्या, खिडकीकडे पाठ करून बसायच्या बाकांचं तर नावच नको. अचानक ब्रेक लागला की माणूस कुशीवर फेकलं जातं आणि कमरेचा पट्टा तिथे कामाचा राहत नाही.

एवढं ठरलं की गणित सोपं होतं. चौघांना पुढच्या दोन आणि मधल्या ओळीतल्या तीन जागा पुरतात, म्हणून आमच्याकडे फक्त तिसरी ओळ निघाली. पाच सीटच्या गाडीत चौघं जाणार असाल तर काढण्यासारखं काही नाही. मागच्या मोकळ्या जागेतच पेटी बसवा. दोघंच फिरणार असाल तर मधली ओळ काढायचा मोह होतो, पण सुनेचं-लेकीचं माहेरपण, मित्राची लिफ्ट, वाटेत आजारी पडलेलं कुणी, अशा दहा गोष्टींना ती लागते. आम्ही सांगू, मधल्या ओळीला हात लावू नका.

आरटीओला चालतं का?

“कोण बघतंय” हे उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे, तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाजू घेतली. नंतर आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि आसनसंख्या आरसीवर छापलेली असते.

म्हणून दोन गोष्टी. सीट कायमची काढणार असाल तर आधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज करा, उत्तर हातात येऊ द्या, मग पाना उचला. एजंटाने मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. दुसरं, विमा कंपनीलाही कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी असलेच बदल शोधतो.

ज्यांना मुळापासून घरच बांधायचं आहे, स्वयंपाकाचा ओटा, कायमचे पलंग वगैरे, त्यांनी घरगुती मार्गाने जाऊच नये. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे गाडी बांधून, मंजूर करून घेऊन, त्याच वर्गात नोंदवतात. अशी कामं करणाऱ्या बिल्डरकडे आधी मंजुरीचे कागद मागा, रंगीत फोटो नंतर.

तिसऱ्या ओळीच्या जागी किती सामान मावतं?

आमची पेटी बाहेरून ११५ सेंटिमीटर रुंद, ६० खोल आणि ३८ उंच. कागदावर झाले २६२ लिटर. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या चाकांचे उंचवटे आत घुसतात, फळ्यांची जाडी जाते, आणि राहतात दोनशेच्या आसपास. तरीही दोनशे लिटर म्हणजे बरंच. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, शेगडी, भांडी, पंधरा दिवसांचा शिधा आणि गाडीची हत्यारं एवढं त्यात गेलं.

मोजताना चाकाच्या उंचवट्याचा साचा जुन्या पुठ्ठ्यावर कापून घ्या. तो गोलाकार टेपने मोजायला गेलात तर हमखास चुकाल. आमची पहिली पेटी त्यामुळेच बोटभर मोठी झाली आणि सुताराने ती गाडीत बसेना म्हणून गाडीच्या दारात बसून रंधली.

पेटीचं तोंड वरून ठेवावं, पुढून की मागून?

या एका प्रश्नावर आमचं सगळं शिक्षण झालं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली पेटी वर झाकण असलेली होती. दिसायला छान, करायला सोपी, पियानो बिजागरी (झाकणाच्या लांबीची सलग बिजागरी) मारली की झालं. मुक्कामाला गाडी थांबली की मागचं दार वर उचलायचं. त्याची आपोआप सावली पडते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खाली बसू शकत नाहीत. त्यामुळे त्या पेटीवर, बाहेर तोंड करून, पाय खाली सोडून बसायच्या. गाडीतली सगळ्यात चांगली जागा ती. समोर नदी, डोक्यावर सावली. आणि चहापूड त्यांच्या खाली. चहा करायचा म्हटलं की, “आई, जरा उठता का?” साखर राहिली, परत उठा. गाळणं राहिलं, परत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “मला चहाच नको.”

घरी आल्यावर झाकण बंद करून मागच्या बाजूला दोन मोठे ड्रॉवर केले, अठरा इंची टेलिस्कोपिक चॅनलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यांवर. आता उठायला नको, असं वाटलं. पण त्या बसल्या की त्यांच्या पोटऱ्या नेमक्या ड्रॉवरच्या तोंडाशी. ड्रॉवर ओढला की पाय उचला. उठण्यापेक्षा हे अवघड.

तिसऱ्या वेळी अक्कल आली. पेटीचे उभे दोन भाग केले. उजवा भाग बसायचा. त्यात जे प्रवासात दोन दिवसांत एकदाच लागतं ते : जादा कपडे, हत्यारं, तांदळाची पिशवी, वरून झाकण. डावा भाग ड्रॉवरचा, चहापासून चिमट्यापर्यंत रोजचं सगळं त्यात. डाव्या भागावर कोणी बसायचं नाही, तिथे शेगडीसाठी पत्रा मारलेला आहे. बसलेल्या माणसाला न हलवता चहा झाला पाहिजे, ही आता आमची कसोटी. तुमच्याकडे गुडघे दुखणारं कोणी नसेल तरी ती लावून बघा. पावसात आतून सामान काढताना तीच अडचण येते.

ड्रॉवरला कुलूपकडी हवीच. चॅनलची जोडी साधारण ३५ ते ४५ किलो पेलते, म्हणजे भरलेला ड्रॉवर ही चढावर आपोआप सुटणारी जड वस्तू आहे. नुसत्या मॅग्नेटवर विसंबू नका. चढावर मागचं दार उघडलं तेव्हा आमचा ड्रॉवर आपणहून बाहेर आला आणि डाळीचा डबा घेऊन खाली उतरला.

पेटी प्लायची करावी की लोखंडाची?

आठ बाय चारची १८ मिलीमीटरची प्लाय शीट साधारण ३५ किलो भरते, १२ मिलीमीटरची २३ किलो. घरच्या कपाटाची सवय असलेला सुतार डोळे झाकून १८ ची शीट काढतो. त्याला थांबवा. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करा (सोळा गेजचा पाइप मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो), भार सगळा त्यावर घ्या आणि बाजूंना ६ मिलीमीटरची प्लाय लावा. ज्या फळीवर माणूस बसणार तेवढीच १२ ची. कोकणात फिरणार असाल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचीच मरीन प्लाय, आणि कापलेल्या कडांना प्रायमर. प्लायचं पाणी पिणं कडेपासून सुरू होतं.

आम्ही बसायच्या भागात प्लायही काढून टाकली. सांगाड्यावर नवार विणून घेतली, बाजेला असते तीच. हलकी, हवा खेळती, बसायला मऊ, ढिली झाली की ओढून परत ताणता येते. आतल्या कपड्यांना बुरशीचा वास येणं तिथेच थांबलं. नवार विणून देणारी माणसं कमी होत चालली आहेत, पण आठवडी बाजारात विचारलं तर मिळतात.

पेटी गाडीला कशी जोडायची? जमिनीला भोकं पाडली तर?

नाही. गाडीच्या पत्र्याखालून ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी आणि वायरिंग जातं. त्या कुठून जातात हे वरून दिसत नाही. शिवाय प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. काढलेल्या सीटच्या बोल्टची मूळ ठिकाणं असतातच. सांगाड्याला जाड पट्टीचे पाय करून ते त्याच जागी, त्याच बोल्टवर बसवा. बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि गोटी पाना लांब दांड्याचा घ्या. आम्ही घाईत एका बोल्टचं डोकं गोल केलं आणि अर्धा दिवस त्यात गेला.

सीएनजीची गाडी असेल तर टाकी, तिचे पट्टे आणि व्हॉल्व्ह यांच्याभोवती काहीही जोडू नका. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. त्या वेळी पेटी फोडायची वेळ येता कामा नये.

पुढच्या सीटच्या मागे फूटभर जागा दिसते. तिथे उभी पेटी?

आम्हीही केली. उभी, अरुंद, पाण्याच्या बाटल्या आणि नकाशांसाठी, अगदी सुबक. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे माहीत असूनही डोक्यातून गेलं. पुढे सर्व्हिसिंगला गेल्यावर मेकॅनिकने सीट कलवायला घेतली आणि ती पेटीला टेकून अर्ध्यावर थांबली. त्याने काही न बोलता माझ्याकडे बघितलं. पेटी उचकटून काढली तेव्हा कुठे ऑइल बघता आलं. हेच रात्री, पाऊस पडत असताना, अमरकंटकच्या जंगलात झालं असतं तर?

पुढच्या सीट पूर्ण कलवून इंजिन रोज बघता येईल एवढी जागा सोडा. शिवाय तिथे इंजिनची धग लागते. चॉकलेट, औषधं, मेणबत्त्या तिथे नकोत.

झोपायची सोय त्यातच होते का?

दोघांची होते, चौघांची नाही, कुणी काही म्हणो. मधल्या सीटची पाठ पडत असेल तर पेटीवरून पुढे उलगडणारी दुमडती फळी करून ती त्या पाठीवर टेकवता येते. पडत नसेल तर फळीला स्वतःचे पाय लावावे लागतात. उंच माणसाला तिरकं झोपावं लागतं. आम्ही परिक्रमेत आश्रमांत आणि धर्मशाळांत राहिलो, गाडीत फक्त हे झोपायचे. सामानाची राखण हे त्यांचं कारण. खरं कारण घोरणं.

गादीला कोणता फोम घ्यावा?

चाळीस डेन्सिटीचा, तीन इंच. त्याहून मऊ घेतला तर तासाभरात फळी लागते. वर रेक्झिन घालू नका, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. जाड सुती कापड, चेन लावून, धुता येईल असं. नवार असेल तर फोमही नको, दुहेरी गोधडी पुरते.

आणि एक फुकटची जागा सांगते. लोड-तक्क्यांचे अभ्रे शिवून त्यात कापूस न भरता स्वेटर, शाली, कानटोप्या भरा. दिवसा टेकायला तक्का, थंडी पडली की उघडा. परिक्रमा चातुर्मास संपल्यावर, म्हणजे थंडीच्या तोंडावरच सुरू होते; चौघांचे गरम कपडे आम्ही असेच नेले. त्यासाठी पेटीतली एक इंचही जागा गेली नाही. अर्थात थंडी वाढेल तसा तक्का सपाट होत जातो.

गॅस आणि बॅटरी सीटखाली ठेवता येतात का?

गॅस आधी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, तळाशी साचतो. बंद पेटीत सिलिंडर म्हणजे ठिणगीची वाट बघणं. पाच किलोचा छोटा सिलिंडर नेत असाल तर मागच्या दाराशी, उभा, पट्ट्याने आवळून, आणि त्या कप्प्याला अगदी तळाशी बाहेर उघडणारी जाळी. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला आणि टोपण लावलेलं. स्वयंपाक गाडीबाहेर किंवा मागचं दार पूर्ण उघडून. लडाखसारख्या थंडीत गॅसचा दाब पडतो, कारण त्यातला ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचंच थांबतो. तेव्हा सिलिंडर सीटखाली “उबेत” ठेवायची कल्पना लोकांना सुचते. ती सोडून द्या.

घरच्या इन्व्हर्टरची ॲसिडवाली बॅटरी बंद पेटीत नकोच. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि वजन जिवावर येतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी बारा किलोच्या आसपास असते, ती सीटखाली चालते, पण घट्ट पट्ट्यात, बॅटरीजवळच फ्यूज लावून आणि पाण्याच्या कॅनपासून लांब. नुसते मोबाइल, दिवे आणि छोटा पंखा एवढंच असेल तर तीही लागत नाही.

जागा आहे म्हणून भरत गेलं तर किती भरावं?

इथे बहुतेक जण फसतात. पेटी केल्यावर जागा वाढते, गाडीची ताकद तेवढीच राहते. एक सोपा हिशोब : तिसऱ्या ओळीत दोन माणसं बसायची, म्हणजे १३०-१४० किलो. पेटी आणि तिच्यातलं सामान मिळून त्याच्या पुढे जाऊ नये. आमची पेटी ३५, पाणी ४०, शिधा-भांडी-शेगडी ४५. झाले १२०, अजून कपडे राहिले. म्हणून निघताना पाण्याचा एकच कॅन भरतो, दुसरा वाटेत लागेल तसा.

अंदाजावर जाऊ नका. पूर्ण भरलेली गाडी, माणसांसकट, वजनकाट्यावर घाला. साखर कारखान्याच्या पट्ट्यात तर दर चार मैलांवर काटा आहे. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या कमाल एकूण वजनाशी आकडा ताडून बघा. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून परत बघा, म्हणजे सगळा भार शेपटीला गेलाय का ते कळतं. जड वस्तू पेटीत पुढच्या अंगाला, मधल्या सीटला चिकटून ठेवा. हवा भरताना पूर्ण भाराचा आकडा धरा.

खडखड कशी घालवायची?

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फळी-सांगाड्याच्या सांध्यांत घाला. स्टीलच्या डब्यांमध्ये पंचे खोचा, पंचे तसेही लागतातच. एवढं करूनही आवाज आला तर तो चमच्यांचा असतो.

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरला हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. तिथे उंची मिळते, सीट सुट्या सुट्या निघतात, त्यामुळे एका बाजूच्या ठेवून दुसऱ्या बाजूला उभी कपाटं करता येतात. पण जुनी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालणारी, गाडी घेणार असाल तर नोंदणीचा वर्ग, फिटनेस, परमिट हे सगळं आधी बघा. तिथला कागदांचा गुंता सीटच्या बोल्टपेक्षा जास्त जाम असतो.

काढलेली सीट कुठे ठेवायची?

विकू नका. गाडी विकताना ती लागते, आणि घरात लग्न निघालं की त्याच आठवड्यात लागते. आम्ही पहिल्या वर्षी ती माळ्यावर नुसती टाकली. पावसाळ्यानंतर काढली तर उंदरांनी फोममध्ये संसार मांडलेला. तेव्हापासून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वेखंडाचे तुकडे घालून, भिंतीला उभी टेकवून ठेवतो. पट्टे आणि कड्या तिच्यासोबतच, सुटं काही नको. पेटीचे पाय बसवताना सीटचे सगळे बोल्ट वापरात आले नाहीत तर उरलेले डब्यात घालून, डब्यावर “मागची सीट” असं लिहून, गाडीतच ठेवा. आमचे दोन अजून सापडायचे आहेत.